मैत्रीचे माप एकाच बाजूने? : स्वमग्न युवकांच्या समवयस्कांशी होणाऱ्या व्यवहाराच्या मापनपट्ट्यांची समीक्षा

प्रास्ताविक

वडोदऱ्याच्या वाडी भागात मराठी, गुजराती, उर्दू आणि हिंदी या चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. अशा वस्तीत भाषेच्या अध्यापकाला वर्गाबाहेरही एक काम असते. शेजारीपाजारी अर्ज, दाखले, नोटिसा वाचून घ्यायला येतात. काही काळापूर्वी अशाच दोन माता थोड्या दिवसांच्या अंतराने आल्या. एकीच्या घरात मराठी, दुसरीच्या घरात उर्दू. एकीचा मुलगा सोळा वर्षांचा, दुसरीचा एकोणीस. दोघांनाही स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झालेले होते आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मूल्यमापनाला जायचे होते. तेथे काय विचारतील याची दोघींना धास्ती होती. मूल्यमापनाच्या पट्टीतील विधाने इंग्रजीत होती. ती मी एकीला मराठीत आणि दुसरीला उर्दूत समजावून सांगितली.

पहिल्या विभागातील शेवटचे विधान असे की, मूल समवयस्कांशी नाते टिकवून ठेवत नाही. मराठी भाषक ताई म्हणाल्या, “सर, टिकवायला आधी कुणी जोडायला तर हवं. ह्याला हाक मारतं कोण?” दुसऱ्या माता म्हणाल्या, “भाईजान, चचाज़ाद, ख़ालाज़ाद इतने हैं घर में, वही तो दोस्त हैं।” दोन्ही मुलांना मी लहानपणापासून पाहतो. दोघांचे समवयस्कांशी वागणे बरेचसे सारखे आहे. परंतु पहिल्या उत्तराला कदाचित पाच गुण मिळाले असते आणि दुसऱ्याला एक.

हा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. परंतु त्यातून निर्माण झालेला प्रश्न संशोधनाचा आहे. स्वमग्न युवक आणि त्यांचे समवयस्क यांच्यातील व्यवहार मोजण्यासाठी आज ज्या पट्ट्या वापरल्या जातात, त्या नेमके काय मोजतात? प्रस्तुत लेखात या पट्ट्यांची समीक्षा भाषेच्या अंगाने करण्याचा प्रयत्न आहे. लेखक वैद्यकीय तज्ज्ञ नाही, हे येथे प्रथमच नमूद करणे आवश्यक आहे. मात्र पट्टी ही शेवटी वाक्यांची बनलेली असते, आणि वाक्य कसे ऐकले जाते हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय आहे.

भारतीय पट्टीचा परिचय

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी पट्टी म्हणजे ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’, संक्षेपाने ‘इसा’. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने (या संस्थेचे नाव नंतर बदलले) ती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या जन्माला पार्श्वभूमी होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. परंतु स्वमग्नतेचे प्रमाण ठरविण्याचे भारतीय साधन नसल्याने पालक कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ही पट्टी प्रमाणपत्रासाठी अधिसूचित केली आणि त्याच वर्षीच्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्थान मिळाले.

पट्टीत एकूण ४० विधाने असून ती सहा विभागांत वाटलेली आहेत. सामाजिक नाते व परस्परता, भावनिक प्रतिसाद, वाचा-भाषा व संप्रेषण, वर्तनाच्या तऱ्हा, संवेदनांशी संबंधित बाबी आणि आकलन. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण दिले जातात. वर्तन क्वचित, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत दिसल्यास १ आणि नेहमी, म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक दिसल्यास ५. एकूण गुण ४० ते २०० असू शकतात. ७० पेक्षा कमी गुणांना स्वमग्नता नाही असे मानले जाते, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. ज्या ४० टक्के अपंगत्वावर बहुतेक सवलती अवलंबून आहेत, ते ४० टक्के ७० गुणांपासून सुरू होतात. म्हणजे ६९ आणि ७० यांमध्ये गुण एकच असला, तरी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासारख्या योजनांचा दरवाजा त्या एका गुणावर उघडतो किंवा बंद राहतो.

आपल्या विषयाशी थेट संबंध पहिल्या विभागाचा आहे. त्यात नऊ विधाने आहेत. त्यांचा आशय असा: नजरेला नजर देत नाही, सामाजिक स्मित नाही, अलिप्त राहतो, इतरांकडे स्वतःहून जात नाही, माणसांशी संबंध जोडू शकत नाही, सामाजिक इशाऱ्यांना प्रतिसाद देत नाही, एकट्याने तेच ते खेळतो, आळीपाळीने वागू शकत नाही आणि समवयस्कांशी नाते टिकवीत नाही.

या नऊ विधानांचा कर्ता एकच आहे, तो म्हणजे मूल. समोरच्या माणसाचा उल्लेख आहे, पण त्याच्याविषयी प्रश्न एकही नाही.

विधानांची भाषा

पहिली अडचण नकाराची आहे. विधान नकारार्थी आणि उत्तर वारंवारतेचे, अशी रचना मराठी कानाला सहज पेलत नाही. ‘त्याला आळीपाळीने खेळता येत नाही’ असे म्हटल्यावर आई म्हणते, ‘क्वचित’. तिला म्हणायचे असते की तो क्वचितच आळीपाळीने खेळतो. पट्टीच्या हिशेबात मात्र ‘क्वचित’ म्हणजे ही अडचण क्वचित दिसते, म्हणजेच मूल ठीक आहे. जेथे चार गुण पडायचे तेथे एक पडतो. तीन विधानांत असे झाले तर नऊ गुण कमी होतात आणि ७६ चे ६७ होतात. मुलात काहीही बदल झालेला नसताना केवळ वाक्यरचनेमुळे त्याचे प्रमाणपत्र जाऊ शकते. अशी पट्टी भरताना प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाचे स्वतः निरीक्षण करणे अपेक्षित आहे, त्यामुळे हा धोका कमी होतो हे मान्य केले पाहिजे. परंतु समवयस्कांसंबंधीच्या विधानांत निरीक्षण फारसे उपयोगी पडत नाही, कारण तपासणीच्या खोलीत समवयस्क नसतात. तेथे आईच्या शब्दांवरच विसंबावे लागते.

दुसरी अडचण नजरेची. ‘डोळ्याला डोळा भिडवणे’ या मराठी वाक्प्रचारात आव्हान आहे. उर्दू घरांत वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा अदब समजला जातो. म्हणून ‘नजर देतो का’ असे विचारल्यावर पुष्कळ आया अभिमानाने ‘नाही’ म्हणतात. नजर कोणाकडे द्यायची, वडिलांकडे की बरोबरीच्या मित्राकडे, हे विधानात नाही. समवयस्कांचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो, कारण बरोबरीच्या मुलांत अदबीचे नियम निराळे असतात.

तिसरी अडचण शब्दांची. ‘सामाजिक स्मित’ हा शब्दप्रयोग कोणत्याही घरात बोलला जात नाही. ‘ओळखीचं माणूस दिसलं की हसतो का?’ असे विचारले की तीच आई क्षणात नेमके उत्तर देते. ‘समवयस्क’ हा शब्दही असाच. सोबती, दोस्त, गल्लीतली पोरं, वर्गातली मुलं, आते-मामे भावंडे, यांपैकी कोण? वर दिलेल्या दोन उत्तरांतील फरक मुलांचा नसून या एका शब्दाचा होता.

चौथी गोष्ट खुद्द नावाची. इंग्रजीतील ‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरून स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी वेगळ्या आजाराच्या संदर्भात घडविला. पुढे लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना तो वापरला. मराठीने त्याचे ‘स्वमग्न’ केले, गुजरातीने ‘स्वलीन’, कायद्याच्या हिंदीने ‘स्वपरायणता’. उर्दूत बहुधा ‘ऑटिझम’ हाच शब्द जसाच्या तसा चालतो. आपले तिन्ही शब्द ऐकताच निकाल देऊन टाकतात की हा माणूस आपल्यातच बुडालेला आहे. मग त्याला हाक मारण्याचे कारणच उरत नाही. नाव बदलावे असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु नावात दडलेले गृहीतक पट्टीतही उतरते, एवढे लक्षात ठेवावे.

भेट म्हणजे काय?

भारतीय पट्टी मुख्यतः बालकांना डोळ्यांसमोर ठेवून विचारते. सतरा वर्षांच्या मुलाला ‘एकट्याने खेळतो का’ हे विचारून फारसे हाती लागत नाही. म्हणून किशोर व युवकांसाठी परदेशात तयार झालेल्या साधनांकडे वळावे लागते. त्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी विकसित केलेला ‘पीअर्स’ हा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या चाचणीत ३३ किशोरवयीनांचा समावेश होता. त्यात दोन प्रकारची मापे होती. एक, सामाजिक रीतीभातींच्या ज्ञानाची २६ प्रश्नांची परीक्षा. दुसरे, गेल्या महिन्यात किती मित्रांना घरी बोलावले आणि किती मित्रांनी बोलावले याची मोजणी. प्रशिक्षणानंतर ज्ञान वाढले आणि यजमान म्हणून भरविलेल्या भेटीही वाढल्या, असा निष्कर्ष निघाला.

मते मागण्याऐवजी घडलेली गोष्ट मोजावी, ही या मापाची सचोटी आहे. परंतु ते वाडीत आणून पाहावे. येथे मित्राला ‘बोलावणे’ धाडीत नाहीत. खालून हाक येते आणि मुलगा ओट्यावर जातो. एका खोलीच्या घरात सहा माणसे असताना यजमान होणे हा प्रश्नच उद्भवत नाही. या मापाने गल्लीतील सर्वांत लोकप्रिय मुलालाही शून्य गुण पडतील. आणि रीतीभातींच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा मुलगा प्रत्यक्ष ओट्यावर गप्प बसलेला असू शकतो, कारण रीत ठाऊक असणे आणि आपल्याला सामावून घेतले जाणे या दोन भिन्न गोष्टी होत.

याउलट, जे येथे घडते ते कोणत्याच पट्टीत दिसत नाही. वर उल्लेखिलेल्या दोन मुलांपैकी थोरला दर उत्तरायणाला, १४ जानेवारीस, शेजारच्या गच्चीवर फिरकी धरतो. पतंग उडविणारा मुलगा त्याच्याच वयाचा आहे. तासन् तास दोघांत एकही वाक्य होत नाही. दोऱ्याचा ताण पाहून हा ढील देतो, खेच बसली की थांबतो, पतंग कापला की ‘लपेट’ ऐकण्याआधीच गुंडाळू लागतो. आळीपाळी, इशाऱ्याला प्रतिसाद, समवयस्काशी नाते, पहिल्या विभागातील किमान तीन विधानांचे उत्तर त्या गच्चीवर आहे. आईला विचारले असता ती म्हणाली, “वो तो सिर्फ़ फिरकी पकड़ता है।” बोलणे म्हणजेच व्यवहार, असे आपण तिलाही शिकवून ठेवले आहे.

नात्याची दुसरी बाजू

आता मूळ प्रश्नाकडे यावे. व्यवहार दोघांत होतो, मग अडचण एकाचीच कशी? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी समानुभूतीची समस्या’ ही कल्पना मांडली. तिचा आशय असा की, स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसेच इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचणे जड जाते. मात्र दोष पहिल्याच्याच खाती मांडला जातो.

नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. स्वमग्न व इतर व्यक्तींच्या काही सेकंदांच्या चित्रफिती व ध्वनिफिती लोकांना दाखविण्यात आल्या. स्वमग्न व्यक्तींशी बोलण्याची किंवा त्यांच्याशेजारी बसण्याची तयारी पाहणाऱ्यांनी कमी दाखविली. परंतु त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ लिहून वाचायला दिले तेव्हा हा दुजाभाव नाहीसा झाला. म्हणजे अडचण त्यांच्या म्हणण्यात नव्हती. चेहरा, आवाज आणि हालचाल पाहून समोरच्याने काही सेकंदांत जो निर्णय घेतला, त्यात होती.

या विचारालाही एकतर्फी स्वीकारू नये. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात ७२ प्रौढांना साखळीने एक गोष्ट पुढे सांगण्यास दिली होती. सर्व स्वमग्न असलेल्या साखळीत माहिती तितकीच चांगली पोहोचली जितकी सर्व बिगर-स्वमग्नांच्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली. त्याच गटाने पुढे ३११ व्यक्तींवर मोठा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रकाशित झाला, आणि त्यात मिश्र साखळीतील ही गळती आढळली नाही. म्हणून ‘दोघे एकमेकांना समजूच शकत नाहीत’ असाही सिद्धांत करणे घाईचे ठरेल. माझ्या मते यात निराश होण्यासारखे काही नाही. गच्चीवरची फिरकी हेच सांगते की काम स्पष्ट असेल तर मिश्र जोडीही जुळते.

दोन्ही बाजूंनी मोजण्याचे प्रयत्न

नाते दोन्ही बाजूंनी मोजण्याची रीत नवी नाही. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या समाजमिती पद्धतीत वर्गातील प्रत्येक मुलाला विचारतात की तुला कोणाशेजारी बसायला आवडेल. मग बाण काढले जातात. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले आणि दुसऱ्याने त्याचे, तरच मैत्री परस्पर मानली जाते. आपल्या बी. एड. च्या विद्यार्थ्यांना हा आलेख शिकविला जातो, परंतु परीक्षेनंतर त्याची वही बंद होते.

कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हीच रीत सामान्य शाळांतील ६० स्वमग्न मुलांसाठी वापरली. सुमारे एक-पंचमांश मुलांना परस्पर मैत्री आणि वर्गात चांगले स्थान असल्याचे दिसले. पण कागदावर परस्पर मित्र असलेली मुलेही मैदानावर एकटी असू शकत. याचा बोध असा की, नावे घेण्याची मोजणी आणि मैदानावरील निरीक्षण, दोन्ही हवीत. त्यांचाच २०१२ चा प्रयोग आणखी महत्त्वाचा आहे. तेथेही ६० मुले होती. काही मुलांना स्वतःला प्रशिक्षण मिळाले. काहींच्या बाबतीत त्यांच्याऐवजी वर्गातील तीन सोबत्यांना शिकविण्यात आले. सोबत्यांना शिकविल्यावर स्वमग्न मुलांचे वर्गातील स्थान सुधारले आणि मैदानावरचे एकटेपण घटले. ज्या मुलाला कोणी काही शिकविले नाही त्याचेच माप सुधारले, तर ते माप त्या एका मुलाचे होते असे कसे म्हणावे?

आपल्याकडे काय करता येईल?

पट्टी टाकून द्यावी असे सुचविणे बेजबाबदारपणाचे होईल. ती नव्हती तेव्हाचे हाल पालकांना ठाऊक आहेत. प्रमाणपत्राच्या कामी ती असावी. मात्र प्रमाणपत्रासाठी अडचणीचे माप आणि शाळा-महाविद्यालयात मैत्रीचे माप, ही दोन कामे वेगळी मानावीत.

पट्टी आपल्या घरांना बेतून घेता येते याचे उदाहरण जवळच आहे. एडगर डॉल यांची १९३५ ची ‘व्हाइनलँड’ सामाजिक परिपक्वता पट्टी डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात भारतीय परिस्थितीस अनुरूप करून घेतली. ८९ बाबींची ती नागपूर आवृत्ती देशभर वापरली गेली. मराठी मुलुखात जे एकदा झाले ते पुन्हा होऊ शकते.

त्या दृष्टीने चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, विधाने होकारार्थी आणि बोलभाषेत असावीत. मराठी, उर्दू व गुजराती रूपे एकमेकांवरून भाषांतरित न करता त्या त्या घरांत विचारून तयार व्हावीत. दुसरी, ‘समवयस्क’ म्हणजे कोण हे आधी आईला व मुलाला विचारून घ्यावे आणि भावंड, गल्ली, वर्ग असे वेगवेगळे गुण द्यावेत. तिसरी, न बोलता होणाऱ्या व्यवहाराला जागा असावी, मग ती फिरकी असो, मंडपाची दोरी असो की इफ्तारची दस्तरख्वान मांडणे असो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मुलाविषयीच्या प्रत्येक विधानाला समोरच्याविषयीचे एक जोडविधान असावे. ‘तो इतरांकडे जातो का’ याबरोबर ‘त्याला कोणी हाक मारते का’. स्वतः युवकालाही प्रश्न विचारला जावा, कारण मित्र कोण हे शेवटी त्यालाच ठाऊक असते.

या कामाला मोठा निधी लागत नाही. आपल्या शिक्षणसंस्थांच्या अध्यापक महाविद्यालयांत बहुभाषिक विद्यार्थी आहेत. वर्गाचा समाजमिती आलेख आणि मधल्या सुट्टीतील पंधरा मिनिटांचे निरीक्षण एवढे प्रात्यक्षिक त्यांना करता येईल.

समारोप

बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा प्रश्न प्रत्येक मूल शाळेत आणण्याचा होता. आज स्वमग्न मूलही कायद्याने शाळेत आले आहे. आता प्रश्न त्याच्याशेजारी कोण बसते हा आहे, आणि तो केवळ त्या मुलाची तपासणी करून सुटणार नाही.

मराठी भाषक ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला पट्टीत रकाना नाही. ‘ह्याला हाक मारतं कोण?’ हा प्रश्न ज्या दिवशी पट्टीवर छापला जाईल, त्या दिवशी आपण नाते मोजू लागलो असे म्हणता येईल. तोपर्यंत आपण मोजतो ते एका मुलाचे एकटेपण, आणि त्याची जबाबदारीही त्याच्याच नावावर लिहितो.